रिकामी वाटी परत करायची नाही

शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेल्या टांझानियाच्या विद्यार्थ्याला मी आपली रीतभात शिकवायला गेलो. चूक माझीच. मला स्वतःला ती अर्धीच येत होती.

आम्ही तेव्हा पिपलानीत, तिकडे हिंदी मुलखातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. कारखान्यात शिकायला बाहेरच्या देशांतून मुलं यायची, त्यातलाच हा एक. उंच, अबोल, आणि विचारल्याशिवाय काही न करणारा. चपला दारात काढायच्या की व्हरांड्यात, मोठ्यांसमोर पाय पसरलेले चालतात का, सगळं विचारायचा. आणि मला विचारायचा, कारण मी उत्तर द्यायचो. माहीत असो वा नसो.

पहिल्याच आठवड्यात बायकोने त्याला वाटीभर आमटी पाठवली. त्याने वाटी लखलखीत घासून परत आणली. मी त्याला बसवून घेतलं. "देखो, हमारे यहाँ बर्तन खाली नहीं लौटाते."

"क्यों, अंकल?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून मी चेहरा गंभीर केला. "अच्छा नहीं लगता."

त्याने ते मनावर घेतलं. पुढची वाटी आली ती त्यांच्याकडच्या त्रिकोणी गोड वड्यांनी भरून. फुगलेली शंकरपाळीच म्हणा ना, वर वेलचीचा वास. बायको विरघळली. एकटा मुलगा, घरापासून इतका लांब, आपल्यासाठी रांधतो, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पुरणपोळी पाठवली. समोरच्या पंजाबी वहिनींनीही त्याला राजमा पाठवला. त्यांचीही वाटी भरून गेली, म्हणून त्यांनी खीर पाठवली. मग पलीकडच्या घरूनही वाटी येऊ लागली. मी व्हरांड्यात बसून ही ये-जा बघायचो आणि मनात म्हणायचो, काय छान रुळला पोरगा.

एका रविवारी तो दारात उभा राहिला. कोपरापर्यंत पीठ. दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता आणि नापास झाला तर कारखाना त्याला घरी परत पाठवणार होता. त्याच्या खिडकीत तीन घरांच्या वाट्या वाट बघत होत्या.

"अंकल," तो शांतपणे म्हणाला, "यह खत्म कब होता है?"

मी विचार केला. इतक्या वर्षांत आमच्या घरून किती वाट्या गेल्या-आल्या असतील. मी फक्त त्यांच्यातलं खाल्लं होतं. उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला विचारलं.

"अहो, त्याला साखरेचं नाही सांगितलंत?"

"कसली साखर?"

तिने पोळी तव्यावरच सोडली. "काही केलेलं नसलं की चिमूटभर साखर टाकायची वाटीत आणि द्यायची. रोज कोण रांधत बसतंय?"

ती साखरेचा डबा घेऊन तडक त्याच्याकडे गेली, तिन्ही वाट्यांत चिमूट-चिमूट टाकली, त्याला पुस्तकापाशी बसवलं आणि वाट्या स्वतः पोचवून आली. समोरच्या वहिनी म्हणे वाटीतली साखर बघून खालीच बसल्या. "हाय, भाभी, मैं तो थक गई थी. लड़का रुकता ही नहीं था."

तो पास झाला. निकाल कळला त्या संध्याकाळी स्टीलचा डबा भरून वडे घेऊन आला. बायको भिशीला गेली होती. मी एकट्याने त्यातले निम्मे खाल्ले, उरलेले ताटलीत काढले आणि विचार केला, आज आपणच डबा परत करू. आयुष्यात पहिल्यांदा. चांगला घासला, पंच्याने पुसला, झाकण लावलं आणि त्याच्या दारात जाऊन ऐटीत त्याच्या हातात दिला.

त्याने झाकण उघडलं. आत बघितलं. मग डबा जरा उजेडाकडे तिरका करून पुन्हा एकदा बघितलं, तळाशी काही चिकटलंय का.

"अंकल," तो म्हणाला, "आपको घर में किसी ने कुछ सिखाया नहीं?"