पोत्याची जागा

पुलगावच्या मोटार मंडळात पोत्याला मान होता. उन्हाळ्यात वर्धा नदी आटली की मंडळ वाळूत शर्यत लावी. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या फटफट्या, त्यांच्या डाव्या अंगाला जोडलेला एकचाकी डबा आणि डब्यात सरकीचं पोतं. रिकामा डबा वळणावर उचलला जातो, म्हणून वजन. आधी माणसं बसवून पाहिली होती. पण बसलेला माणूस भिऊन चालवणाऱ्याचा खांदा धरी. पोतं कुणाचा खांदा धरत नाही.

धुरपता त्या पोत्याच्या जागेवर बसायला निघाली, ते १९५८ साल.

तिचा नवरा तानबा स्टँडमागच्या गॅरेजात मिस्त्री होता. मागच्या शर्यतीत डांबराच्या पिंपाला वळसा घालताना त्याचा डबा उचलला, गाडी उलटली आणि त्याची मांडी खाली सापडली. हाड सांधलं. पण तेव्हापासून डावीकडचं वळण आलं की गॅसवरची त्याची मूठ आपोआप ढिली पडे. बाजाराला जाताना धुरपता त्याच्या मागे बसे, तिला ते कळे. तो कधी बोलला नाही.

"यंदा डब्यात मी बसन," ती एक दिवस म्हणाली.

"तू? काऊन?"

"पोत्याले वळण समजत नाई."

लहानपणी बाप तिला वखरावर वजन म्हणून उभं करी. वखर जिकडून उचलेल तिकडे झुकायचं, एवढंच काम. कुठल्या पायावर कधी भार द्यायचा हे तिचं अंग तिथं शिकलं. बाकी तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती वजन होती.

महिनाभर पहाटे दोघं वस्तीमागच्या पडीत वावरात गाडी फिरवत राहिली. ती पडली, पुन्हा बसली. कोपरं सोलली, त्यांना हळद लावली.

मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव, जिनिंगचे मालक. माणूस वाईट नव्हता. तानबाला मंडळात त्यांनीच घेतलं होतं. फक्त चहाच्या वेळी तानबाचा पेला वेगळा असे. दीड वर्षामागं दोघं नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि तानबानं तिथला चहाच सोडला. धुरपता सोडणाऱ्यांतली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी ती कासोटा घट्ट मारून डब्यात बसली तेव्हा नदीत हशा पिकला.

"तानबा, हे काय?" प्रभाकररावांनी विचारलं.

"माही बाई बसून राह्यली, भाऊसायेब. पोत्याच्या जागी."

मागच्या साली जिंकलेला कवडू ओरडला, "वयनी, पोतं डोक्यावर पदर घेत नाई!"

"पोतं बडबड बी करत नाई, कवडूभाऊ. शिका त्याच्याकून."

आता हशा कवडूवर उलटला. प्रभाकरराव मात्र हसले नाहीत.

"लोक हासतीन, बाई."

"हासू द्या. हासल्यानं डब्बा उचलत नाई."

प्रभाकररावांनी डब्याकडे पाहिलं, शेजारच्या पोत्याकडे पाहिलं. मग त्यांना वाट सापडली. "वजन पोत्याएवढं पायजे. मंडळाचा नियम हाय."

जिनिंगमधून मोठी तागडी आली. एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात धुरपता. पोतं जमिनीला टेकलं, धुरपता वर लोंबकळत राहिली. पोरं टाळ्या पिटू लागली.

"चाल, जाऊ दे," तानबा हळूच म्हणाला.

ती उतरली आणि नदीची थडी चढून वस्तीकडे गेली. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. कवडूनं फटफटीला किक मारून पाहिली. तेवढ्यात ती परत येताना दिसली, डोक्यावर घरच्या जात्याची वरची दगडी पाळ. पाळ पारड्यात ठेवून ती तिच्याशेजारी बसली. पारडं खाली आलं.

"आता?"

प्रभाकररावांनी तागडीच्या काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बसा," ते म्हणाले.

पाळ पायाशी दाबून धुरपतानं गुडघे डब्याच्या काठात रुतवले. गाड्या सुटल्या. वाळूचा पडदा उठला. समोर तेच पिंप आलं, आणि तानबाची मूठ ढिली पडली. इंजिनाचा आवाज उतरलेला तिनं ऐकला.

"ढिलं सोडू नोका! मी हावो!"

ती डब्याबाहेर झुकली, चाकाच्याही पलीकडे, इतकी की वेणीचं टोक वाळूला घासलं. चाक उचलू पाहतंय हे तिला बरगड्यांत कळत होतं. ती अजून झुकली. आताही ती वजनच होती. पण भार कुठं टाकायचा हे तिचं तिनं ठरवलं होतं. चाक वाळूला धरून राहिलं. तानबानं मूठ पिळली. पुढच्या फेऱ्यांत ती एकदाही ढिली पडली नाही.

तरी कवडूच पहिला आला. ही दोघं दुसरी.

"वयनी, पोतं जिकलं!" कवडू नाचू लागला.

प्रभाकरराव तिकडे नव्हते. ते एकटेच पिंपाजवळ जाऊन वाकून वाळूत पाहत होते. त्यांनी हात करून सगळ्यांना बोलावलं. डब्यांच्या चाकांच्या रेघा पिंपाशी येऊन तुटत होत्या आणि पुढं पुन्हा खोल उमटत होत्या. कवडूच्या रेघेत तर एक बाज मावेल एवढी जागा कोरी होती. तेवढा वेळ त्याचा डबा हवेत होता. एकच रेघ अखंड पिंपाभोवती फिरली होती. ती कुणाची, हे विचारायची गरज पडली नाही.

"कवडू, तू वाचला," प्रभाकरराव म्हणाले. "जिकला म्हणू नोको." मग सगळ्यांकडे वळून, "पुढच्या साली पोतं बंद."

"मंग मी कोणाले बसवू?"

"बायकोले इचार!" कुणीतरी ओरडलं.

"थे तं माह्यासंग बाजाराले बी येत नाई!"

सगळे हसले. धुरपता डोळ्यांतली वाळू पदरानं पुसत होती. "धाडजा तिले उद्या पहाटे," ती म्हणाली, "आन् जुनं लुगडं नेस म्हणा."