कधीच कमी न होणारं तेल

पोपटमामा इंजिन बघायला आले की आधी त्याला हात लावतात. तोही उलटा, पोराच्या कपाळाला ताप बघायला आई लावते तसा. इंजिन कोमट लागलं तर पिशवीतून पाना बाहेर निघत नाही. "कुणी चालू केलेलं?" एवढंच विचारतात आणि घरची वाट धरतात, मग तुम्ही त्यांना शहाडहून आणलेलं असो नाहीतर थेट स्वर्गातून. जुनं डिझेल इंजिन तापलं की गोड बोलतं, खरं काय ते थंड असताना पहिल्या सुरुवातीला सांगतं, असं त्यांचं म्हणणं. नाव पोपट, पण एवढं सांगायला त्यांनी माझी सहा वर्षं घेतली.

मी विमा कंपनीसाठी गाड्यांचे क्लेम तपासतो. राहतो ठाकुर्लीला. लोक खोटं बोलतात हे गृहीत धरून मला पगार मिळतो, त्यामुळे पोपटमामांसारखा माणूस मला देवासारखा वाटायचा. शहाड स्टेशनाजवळ त्यांची पत्र्याची शेड आहे. ट्रक, जनरेटर, पाण्याचे पंप, डिझेलवर चालणारं सगळं तिथे येतं. साठी उलटलेली, अंग काटकुळं, आणि डाव्या कानात कायम कापसाचा बोळा. डावा कान इंजिनासाठी राखीव, माणसांसाठी उजवा. एखाद्या इंजिनाला ते कधीही "चांगलं आहे" म्हणत नाहीत. फार झालं तर म्हणतात, "अजून दोष सापडला नाही."

गेल्या वर्षी श्रावणात मी त्यांना घरच्याच कामासाठी नेलं. माझी सासुरवाडी कोलशेतची, खाडीकाठची कोळ्यांची. सासरे धाकू दोन वर्षांपूर्वी वारले. मागे सासूबाई मनुबाई, मेव्हणा जयेश आणि दोन सिलिंडरचं जुनं इंजिन बसवलेली होडी. जयेश रोज खाडीत जाऊन दुपारपर्यंत परत यायचा. खाडीत इंजिन बंद पडलं तरी कुणीतरी दोर टाकून ओढून आणतं. पण त्या वर्षी त्याने ठरवलं की नारळी पुनव झाली की वसईला खाडीच्या मुखातून बाहेर समुद्रात जायचं, चार-चार दिवस, एक खलाशी घेऊन. माझी बायको प्राप्ती त्याची मोठी बहीण. तिने हे ऐकलं आणि तिचं जेवणातलं लक्ष उडालं. समुद्रात इंजिन बसलं की ओढणारं कोण, एवढं एकच ती विचारत राहिली. पुनवेला आठ दिवस होते. शेवटी मी पोपटमामांना दुचाकीवर मागे बसवलं आणि भिवंडी, काशेली, बाळकूम करत, खड्डे आणि ट्रक चुकवत कोलशेत गाठलं.

जयेशला हे मुळीच रुचलेलं नव्हतं. बापाचं इंजिन, त्याला बाहेरचा माणूस हात लावणार, वर आणणारा जावई. तो होडीच्या कडेला हाताची घडी घालून बसला आणि इंजिन कालपासून बंद असल्याचं त्याने न विचारता सांगून टाकलं. मामांनी तरीही उलटा हात लावलाच.

इंजिन चौथ्या झटक्याला चालू झालं. पांढरा धूर आला, थोड्या वेळाने विरला. मामांनी तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढून तिथेच उलटं, सैल ठेवलं. आतून वायू गळत असेल तर हे झाकण तव्यावरच्या लाहीसारखं उडतं. ते उडालं नाही, नुसतं थरथरत राहिलं. कापूस निघाला. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मामा वाकून उभे राहिले, ते किती वेळ कुणास ठाऊक. मग त्यांनी होडीचा दोर धक्क्याच्या खांबाला पक्का बांधायला लावला आणि गिअर टाकला. होडी जागची हलेना, पंखा पाणी घुसळत राहिला, दोर ताणून कुरकुरू लागला. असं तासभर. इंजिनावर समुद्रातल्यासारखा भार यावा म्हणून ही युक्ती.

अर्ध्या तासाने धुराला निळी झाक आली. तेलाच्या दाबाचा काटा खाली सरकला. जयेश म्हणाला की तो काटा बाबांच्या वेळेपासून असाच आळशी आहे. मामांनी हुं केलं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, हे मलाही ठाऊक होतं. म्हणून मामांनी उजवा कान पुढे करून विचारलं, की तेल किती खातं?

"थेंब नाय," जयेश म्हणाला.

मनुबाई धक्क्यावर टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही दुजोरा दिला. आई एकवीरेची शपथ घेऊन सांगितलं की दोन वर्षांत मोजायच्या पट्टीवर तेल वरच्या खुणेच्या खाली गेलेलं नाही. माझ्या सासूबाई मासळीचा भाव सोडून कशातही खोटं बोलत नाहीत. तेल कमी होत नसेल तर बाकी सगळी लक्षणं वयाची, आजाराची नाहीत. जयेशच्या चेहऱ्यावर हसू आलं. प्राप्तीला फोन लावायला मीही खिशात हात घातला.

मामांनी मात्र पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि त्या डागाकडे बघत बसले. बोटावर तेल चोळलं, हुंगलं. शेवटचं तेल कधी बदललं म्हणून विचारलं. होळीला, जयेशने सांगितलं. म्हणजे पाच महिने झाले. पाच महिन्यांचं डिझेल इंजिनातलं तेल डांबरासारखं जड आणि करपट व्हायला हवं. फडक्यावरचं काळं होतं, पण पातळ होतं आणि त्याला डब्यातल्या तेलाचा वास होता.

"उद्या सकाळी येतो," मामा म्हणाले. "तोवर इंजिनाला कुणी हात लावायचा नाही."

जयेशला त्यातला आरोप बरोबर समजला. "आम्ही काय होडी विकायला काढलीय? तेल बदलून तुम्हाला फसवू?" तो ओरडला नाही, पण त्याचा आवाज फाटला. मामा कानात कापूस कोंबत होते. खरं सांगायचं तर मलाही जयेशचाच संशय आला. बहिणीने अडवू नये म्हणून पठ्ठ्याने आदल्या दिवशी गुपचूप ताजं तेल भरलं असणार, असं मी मनातल्या मनात अहवालात लिहूनसुद्धा टाकलं. परतीच्या वाटेवर मला त्याचा इतका राग आला होता की काशेलीच्या पुलावर माझा दुचाकीवरचा ताबा सुटता सुटता राहिला. स्वतःचा जीव जाईल, आणि रडायला आमची बायको.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही धक्क्यावर पोचलो. जयेश अजून आला नव्हता. पण होडीत कुणीतरी वाकलेलं होतं. मनुबाई. न्हाऊन आलेल्या, केस ओले, इंजिनाला हळदकुंकू लावलेलं, एका हातात तेलाचा डबा आणि दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. पेला त्या इंजिनात रिता करत होत्या.

मी हाक मारली तरी त्या दचकल्या नाहीत. उलट आम्ही इतक्या लवकर कसे, चहा झाला का, असं विचारलं. हात लावू नका म्हटलं होतं ना, म्हटल्यावर त्या गोंधळल्या. हे काय हात लावणं झालं? हे तर रोजचं. धाकू जाण्याआधी दवाखान्यात त्यांना एवढंच सांगून गेले होते, की इंजिनात रोज पेलाभर तेल घाल, त्यात कसूर करू नको. तेव्हापासून देवापुढे दिवा लावला की त्या होडीवर येत. समईत तेल घालावं तसं. पावसात, तापात, कधी चुकवलं नाही. डबा संपला की घोडबंदर रोडच्या दुकानातून दुसरा.

"पण काल तुम्ही शपथेवर सांगितलंत, तेल कमी होत नाही," मी म्हटलं.

"नायच होत," मनुबाई म्हणाल्या. "मी होऊच नाय देत."

तेवढ्यात जयेश आला. त्याने आईच्या हातातला पेला पाहिला आणि होडीत उतरला. हे त्याला माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. मला स्वतःची लाज वाटली. मामांनी पेला हातात घेऊन उंचीचा अंदाज घेतला. खाडीत इंजिन चार-पाच तास चालायचं, तरी रोज एक पेला जळायचा. समुद्रात रात्रंदिवस चाललं असतं.

"बाहेर जाताना जादा तेल किती नेणार होतास?" त्यांनी जयेशला विचारलं.

"कमी होतच नाय ना," तो म्हणाला. "कशाला नेऊ?"

मामांनी मनुबाईंना तीन दिवस तेल घालू नका म्हणून सांगितलं. इतकं साधं औषध, पण ते घेताना त्या बाईच्या जिवाचं काय झालं, ते प्राप्तीने पाहिलं. ती तीन दिवस माहेरी राहिली. मनुबाई सकाळी डबा घेऊन धक्क्यापर्यंत जायच्या, कुंकू लावायच्या आणि तशाच परत यायच्या. जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. नवऱ्याचं शेवटचं सांगणं मोडतेय असं म्हणून दुपारी रडायच्या. इकडे जयेशने रोज होडी खांबाला बांधून आठ तास इंजिन चालवायचं, असा मामांचा हुकूम होता. पहिल्या दिवशी तेल वरच्या खुणेखाली गेलं. दुसऱ्या दिवशी खालच्या खुणेला टेकलं. तिसऱ्या दिवशी मी मामांना घेऊन गेलो, तर पट्टी नुसत्या टोकाला ओली होती. मामांनी ताबडतोब इंजिन बंद करायला लावलं. आणखी तासभर चाललं असतं तर आतले सगळे भाग एकमेकांना चिकटले असते. जयेशने पट्टी दोनदा पुसून पुन्हा बुडवून पाहिली.

इंजिन निवल्यावर मामा आणि जयेशने मिळून वरचं डोकं उतरवलं. पिस्टन वरखाली होतो ते नळकांडं उघडं पडलं. बघणाऱ्याला ते आरशासारखं गुळगुळीत दिसलं, तेव्हा मनुबाई म्हणाल्या की यात वाईट काय आहे. मामांनी त्यांना जवळ बोलावलं. त्यांची तर्जनी धरली आणि नख आतल्या भिंतीवर टेकवून वरून खाली सावकाश फिरवलं. बोटभर खाली नख एका पायरीवरून घसरलं.

"वरचं कारखान्यातून आलं तसंच आहे, पिस्टनची कडी तिथवर पोचत नाही. खालचं सगळं झिजलंय," मामा म्हणाले. "त्या फटीतून तेल वर येतं आणि जळतं."

मनुबाईंनी पुन्हा एकदा स्वतःच नख फिरवलं. मग हे झिजायला किती दिवस लागले असतील ते विचारलं. मामांनी जयेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला असल्या वेळी फार त्रास होतो.

"दोन वर्षांत एवढं होत नाही, ताई. सात-आठ तरी झाली असतील."

धाकू असताना होडी त्यांच्याच हातात होती. तेही सकाळी सगळ्यांच्या आधी एकटेच होडीवर जात, हे जयेशला आठवलं आणि तो बोलून गेला. मनुबाईंनी हाताला लागलेलं तेल पदराला पुसलं, जे त्या एरवी कधी करत नाहीत.

"म्हंजे त्यांना ठावं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, देवाचं काम सोपवून गेले."

पोपटमामांना मी त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाची समजूत घालताना पाहिलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही दोन वर्षं याला जगवलंत."

"इंजनाला जगवलं," मनुबाई म्हणाल्या. "पोराला मारलं असतं."