कापसावरचं बोट

सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी रक्त देऊन बाकावर बसलो होतो. शेजारच्या मावशींनी हातावर कापूस दाबून धरला होता, मतदानाची शाई लागलेल्या बोटानं. देशभर उपचार मोफत करणारे आरोग्यमंत्री आमच्याच मतदारसंघात कालच्या निकालात पडले, म्हणून मी हळहळलो.

"आम्हीच पाडलं त्यांना," मावशी शांतपणे म्हणाल्या.

मी हादरलोच. "अहो, तुमची औषधं त्यांच्यामुळेच फुकट मिळतात ना?"

"मिळतात की! पण आता सगळ्यांनाच मिळतात. आधी नगरसेवकाची चिठ्ठी आणली की माझा नंबर पहिला लागायचा. आता चिठ्ठीला कुणी विचारत नाही."

माणसाला औषधापेक्षा ओळखीचाच गुण जास्त येतो की काय? संतापानं मी माझ्या हातावरचा कापूस दाबला. माझ्या बोटावर शाईच नव्हती. मतदानाची सुट्टी साधून मी महाबळेश्वरला गेलो होतो.