आबाजींची पाठ

शहरात फोटोग्राफी शिकणारा माझा नातू परवा माझ्या पेटीतला जुना फोटो घेऊन बसला आणि म्हणाला, "आजी, ही खरी कलाकृती आहे! पाठमोरा माणूस मधोमध बसवायचं त्या फोटोग्राफरला सुचलं कसं?" मी पोट धरून हसले. त्या बिचाऱ्याला सुचलं नव्हतंच. तो फोटो दुकानात लावायलाही त्याने साफ नकार दिला होता.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला होता. सासरी जाताना मला मायचा फोटो हवा. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट, आणि माझं सासर दूर घाटावर, देऊळगाव राजाला. तिथून माहेरी यायला कधी मिळेल कोण जाणे. मायचं तोंड विसरले तर, या विचारानं मला रडू यायचं. वडील कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनावर अडकलेले, म्हणून आजोबांनी, आमच्या आबाजींनी, बैल जुंपले आणि आम्हाला नांदुऱ्याला नेलं.

स्टेशनजवळच्या त्या फोटोग्राफरचे नियम कडक होते. मागे रंगवलेल्या राजवाड्याचा पडदा, बाजूला कागदी फुलं, नजर सरळ कॅमेऱ्यात आणि दात अजिबात दिसता कामा नयेत. आबाजी पागोटं सारखं करून मधल्या खुर्चीत बसले. मी आणि माय त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो, आणि मायचा पदर थेट हनुवटीपर्यंत आला.

आमच्यात सून सासऱ्याला तोंड दाखवत नसे. बोलणंही नाही. जेवण तयार झालं की माय स्वयंपाकघरातून भांडं वाजवायची आणि आबाजी जेवायला उठायचे.

"बाई, पदर वर घ्या, चेहरा येत नाही," काळ्या कापडातून डोकं काढून फोटोग्राफर म्हणाला. पदर आणखी खाली आला.

माझं डोकंच फिरलं. "मंग का मी पदराचा फोटू घेऊन जाऊ सासरी?" म्हणत मी तिथंच भोकाड पसरलं.

फोटोग्राफरनं आबाजींना जरा बाहेर थांबायला सुचवलं. "नातीच्या फोटूत मीच नाही? असं कसं होईन बे?" आबाजी गरजले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "खुर्ची फिरव माही."

फोटोग्राफरनं कपाळाला हात लावला. आबाजी राजवाड्याकडे तोंड करून ताठ बसले. मायनं पदर मागे सारला, ती भली थोरली पाठ पाहिली आणि खळखळून हसली. मी तिच्याकडेच बघत राहिले. तेवढ्यात फोटो निघाला होता.

"कर्त्या माणसाची पाठ, बाईचे दात, आणि पोरगी भलतीकडेच बघते. मी काढला म्हणून कुणाला सांगू नका," फोटो देताना फोटोग्राफर म्हणाला. नातू जिला कलाकृती म्हणतो, ती एवढीच. एका म्हाताऱ्यानं नातीसाठी फोटोतलं आपलं तोंड सोडून दिलं.

घरी फोटो आला तसे आबाजी म्हणाले, "पाहू दे बरं, माही पाठ कशी आली ते." ओसरीवर उन्हात जाऊन ते कितीतरी वेळ फोटो बघत बसले. मला त्या पाठीचं एवढं कौतुक कळेना. बायकांनी मला वेड्यात काढलं असतं म्हणून मी कुणाला विचारलं नाही.

सासरी निघायच्या दिवशी त्यांनी पुन्हा हाक मारली. "आण, एक डाव पाठ पाहून घेतो." मी पेटी उघडून फोटो काढून दिला आणि त्यांच्या मागे उभी राहून वाकून बघितलं. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला होता. त्यांचा जाडजूड अंगठा बरोबर त्यांच्या पाठीवर होता, आणि पाठ पागोट्यासकट झाकली गेली होती. वर उरली होती हसणारी माय आणि तिच्याकडे बघणारी मी. इतकी वर्षं एका घरात राहून आबाजींनी तिला कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं.

"चांगली आली हाये," ते म्हणाले, आणि फोटो माझ्या हातात दिला.