पंख्यामागचे दोन बोल्ट

सगळी गल्ली आप्पांना 'वादळ' म्हणायची. स्वभावावरून नव्हे. स्वभाव इतका गरीब की समोरून सायकल आली तरी हे ट्रक बाजूला घेणार. नाव पडलं ते गाडीच्या आवाजावरून. पाण्याच्या टाकीपाशी गाडी वळली की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि कोपऱ्यावरचा शिंपी मशीन थांबवून म्हणायचा, "आलं बघा वादळ!"

आता गाडी लेक चालवायची आणि दुरुस्तही तीच करायची. आप्पा उलट्या बादलीवर बसून तिच्याकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते इथे भर दुपारी पडलं होतं.

"आप्पा, हा पंखा सुटतच नाही."

"जुनी गाडी आहे, बाई."

"म्हणून काय झालं? इंजिन तापलं की पंख्यानं फिरायचं, निवलं की पंख्याच्या क्लचनं त्याला सोडायचं. हा आपला अखंड गरगरतोय! चढावर गाडीचा दम हाच खातो. गोदामवाला काल तोंडावर बोलला, 'ताई, उद्या माल वेळेत वर पोचला तर ठीक, नाहीतर मी दुसरी गाडी बघतो.'"

"हवा गळत असेल," आप्पा म्हणाले. आणि लगेच जीभ चावली. क्लच सुटतो तो हवेच्या दाबानं. लेक आता तिकडेच जाणार.

गेलीच. टाकीत हवा भरून घेतली, इंजिन बंद केलं आणि पातं हातानं ढकलून पाहिलं. जागचं हललं नाही. मग क्लचकडे जाणारी नळी सैल केली. फुस्स!

"हवा तर पोचतेय."

"मग व्हॉल्व्ह."

तिनं व्हॉल्व्हला वायर लावली. टक् वाजलं. काढली, पुन्हा टक्.

"व्हॉल्व्ह ठणठणीत."

"चहा टाकू का?"

"आप्पा, तुम्ही कधीपासून चहा टाकायला लागलात?"

आप्पांनी बादली जराशी मागे सरकवली. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनीच स्वतःच्या हातांनी घट्ट आवळलं होतं.

लेक तेव्हा शाळेत होती. एकदा घाट चढताना क्लच दगावला, पंखा फिरेना, इंजिन तापून लाल. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं क्लचमधून दोन बोल्ट पिळले आणि पंखा पुलीला जखडून टाकला. "घरापर्यंत पोचाल. पोचलात की काढा." पंखा बोंबलत, आप्पा कान दाबत घरी आले. बघतात तर दार उघडं, पाणी तापलेलं, ताट वाढलेलं.

"तुला कसं कळलं?"

"अहो, टाकीपासून ऐकतेय!" बायको हसली होती. "आजवर कुठलाही ट्रक वाजला की उठून खिडकीशी जायचे. तुम्ही नसलात की परत येऊन पडायचे. आज खिडकीशी गेलेच नाही. म्हटलं, असं बोंबलत येणारं आपलंच."

त्या हसण्यावर आप्पांनी क्लच नवा बसवला आणि बोल्ट परत पिळले. ती होती तोवर ती कधी खिडकीशी उभी राहिली नाही. ती गेल्यावर बोल्ट काढायला हात धजावला नाही. आणि आता वाट बघायची पाळी त्यांची होती. लेक बाहेर असली की कान टाकीकडे.

"आप्पा."

लेकीचा हात पंख्याच्या मागे कोपरापर्यंत गेला होता. हात बाहेर आला तेव्हा बोटाला हिरव्या रंगाचा पोपडा चिकटला होता.

"मागे दोन बोल्ट आहेत. आणि त्यांना रंग दिलाय. क्लचच्या रंगाचा."

"गंजू नयेत म्हणून."

"क्लच नवा, व्हॉल्व्ह नवा, आणि वर कुलूप? हे कुठलं शास्त्र?"

"गाडी नादुरुस्त ठेवू नये, म्हणून क्लच बसवला."

"आणि बोल्ट?"

आप्पा पायाखालच्या मातीत काडीनं रेघा ओढू लागले. "तुझ्या आईला ऐकू यायचं," ते म्हणाले, "टाकीपासून."

लेकीला आठवलं. लहानपणी आवाज आला की आई तिला थोपटून म्हणायची, "झोप आता, आले तुझे आप्पा." लेक गाडीच्या पायरीवर बसली. हातातला पाना नुसताच फिरवत राहिली.

"आणि आता मला ऐकू येतं," आप्पा हळूच म्हणाले. "पण गोदामाचं काम जाता कामा नये. काढ ते."

"तुम्ही काढा. तुम्हीच घातलेत."

बोल्ट हट्टी होते, पण सुटले. लेकीनं इंजिन चालू केलं, फाटकाबाहेर गाडी काढली आणि टाकीपर्यंत फेरी मारायला गेली. आप्पा खाटेवर डोळे मिटून बसले, तळहातावर ते दोन बोल्ट. गल्लीत अशी शांतता की शिंपी दारात येऊन विचारतो, "वादळ, गाडी विकली काय?"

"गप रे जरा!"

टाकीपाशी इंजिनाची नुसती घरघर. ती कुणाच्याही ट्रकची असू शकली असती. आणि तिच्या मागून, छन्, छन्, छन्. गाडीच्या मागच्या फाळक्याची साखळी. इतकी वर्षं ती तिथेच वाजत असणार; पंख्यानं कधी ऐकूच दिली नव्हती.

लेक पाना घेऊनच उतरली. "टाकीच्या चढाला उडतेय गाडी! पण मागे साखळी सैल झालीय, आवळून टाकते."

आप्पांनी तिच्या हातातून पाना काढून घेतला.

"त्या साखळीला हात लावशील तर बघ," ते म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.