मेश्राम सरांचं कात्रीवरचं चिकन

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी गोळा करत नाही. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप साचतात आणि कितीही झाडलं तरी कोपऱ्यात थोडे उरतातच. आमच्या सिहोऱ्याच्या शाळेत गेल्या वर्षी जे साचले, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या मेश्राम सरांचे. आणि सगळेच्या सगळे चिकनचे!

मेश्राम सर गणित शिकवतात. मी मराठी शिकवते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते, म्हणजे शाळेतही तेच आणि घरीही तेच. त्यांची बायको वैशाली नर्स आहे. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला जावं लागलं. घरात उरले सर, सहावीतली आर्या आणि दुसरीतला सम्यक. सरांना चहा येत होता. आम्लेटही येत होतं, पण ते दर वेळी वेगळ्या आकाराचं.

वैशाली असताना त्या घरात बुधवार आणि रविवार कोंबडीचे असायचे. ती गेल्यावर सगळे वार खिचडीचे झाले. महिन्याभरात सरांच्या सासूबाई नाकाडोंगरीहून आल्या. त्यांनी नातवाचा दंड चाचपला, नातीचे गाल पाहिले आणि पाणी प्यायच्या आधी निकाल दिला.

"जवाईबापू, पोट्टे वाळून राहिले. पोळ्यापर्यंत पाहातो. नाई तं दोघाईलेही नाकाडोंगरीले नेतो, तिथंच शाळेत टाकतो!"

त्या गेल्यावर सर माझ्या दारात आले. "मॅडम, बायको तिकडं, पोट्टे तिकडं. मंग मी इथं कोणासाठी राहू?" एरवी वर्ग गाजवणारा माणूस इतक्या बारीक आवाजात बोलला की मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी ते किराणा दुकानातून मसाल्याच्या, आलं-लसूण पेस्टच्या, तळलेल्या कांद्याच्या अशा पिशवीभर पुड्या घेऊन आले.

*

पहिला प्रयोग गावरानी कोंबडीचा. पुडीवर लिहिलं होतं, एक किलोला एक पुडी. सरांनी आणली होती अर्धा किलो. गणिताचा माणूस! अर्धी पुडी, अर्धी पेस्ट, अर्धं पाणी, सगळं चोख.

कोंबडीवाल्यानं सांगितलं होतं, किलोभर गावरानीला कुकरच्या आठ शिट्ट्या. सरांनी चार शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद केला.

भिंतीपलीकडून मला बराच वेळ काहीच ऐकू येईना. ना बोलणं, ना ताटांचा आवाज. काय झालं म्हणून डोकावले, तर तिघंही मान खाली घालून चावतायत. चावतायत, चावतायत. शेवटी सम्यकनं गालातला घास एका बाजूला सारला आणि विचारलं, "पप्पा, हे खायाचं हाय का नुसतं चावायचंच हाय?"

मी म्हटलं, "सर, शिट्ट्यांचं त्रैराशिक नसतं हो!"

तेव्हापासून त्या घरात गावरानी बंद आणि ब्रॉयलर सुरू झाली.

*

स्टाफरूममध्ये सरांना सगळ्यात जास्त सल्ले दिले ते ठवकर मॅडमनी. मॅडम शुद्ध शाकाहारी. अंडं असलेला केकसुद्धा त्या कागदासकट दूर सारतात. पण मोबाइलवर रेसिपीचे व्हिडिओ पाहण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांनी सरांना एक झटपट प्रकार सांगितला. टोमॅटो सूपचं पाकीट, फ्रोजन मटार आणि चिकन, सगळं एकाच भांड्यात, शिजलं की झालं.

"मीठ किती?" सरांनी पेन उघडलं.

"चवीनुसार."

"कोणाच्या चवीनुसार? तुमी तं खातच नाई!"

पण प्रकार जमला. पोरांनी ताट चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सरांनी पेढे आणावेत तशा उत्साहानं ही बातमी सांगितली. ठवकर मॅडम जरा जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, एक विचारू? कशी लागते हो चव?"

सर पेचात पडले. जन्मभर न खाल्लेल्या माणसाला काय सांगणार? विचार करून म्हणाले, "आता... समजा, पनीरसारखी."

"मग पनीरच काहून नाई खात तुमी? त्या बिचाऱ्या कोंबडीनं काय केलं होतं?"

त्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी डबा व्हरांड्यात नेऊन खाल्ला.

*

मी सहावीला एक दिवस विचारलं, "स्वयंपाकाला लागणाऱ्या वस्तू सांगा." तेवढाच शब्दांचा सराव. कोणी विळी म्हणालं, कोणी तवा, कोणी पाटा-वरवंटा. एकीनं मिक्सर सांगितला. आर्या मागच्या बाकावरून हात वर करकरून थकली होती. मी तिला उठवलं.

"कात्री!" आर्या म्हणाली.

वर्ग हसला. आर्या चिडली. "हसता काहून? माह्या पप्पाले तं कात्री नाई सापडली तं सैपाकच नाई होत!"

मी हसू दाबत फळ्याकडे वळले आणि कात्रीही लिहिली. पोरीचं काही चूक नव्हतं; पुड्या कापायला त्या घरात तीच तर लागायची.

*

आता सांगते तो किस्सा सरांना आजही आवडत नाही.

तुमसरच्या एका मोठ्या दुकानात त्यांना बोनलेस चिकन दिसलं. धुवायचं नाही, हाडं काढायची नाहीत, पोरांच्या घशात काही अडकायची भीती नाही. सोबत मलईवाल्या ग्रेव्हीचं तयार पाकीट. सर हरखले. नेमक्या त्याच संध्याकाळी सासूबाई न सांगता आल्या, आणि सोबत त्यांचे थोरले भाऊ. म्हणजे वैशालीचे मामा. मोठे पाहुणे!

आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात तंगडी पडलीच पाहिजे. कोंबडी केवढीही असो, तंगडीचा मान पाहुण्याचा. घरच्या पोरानं कितीही डोळे लावले तरी ती त्याला मिळत नाही. आणि रस्सा असा हवा की वर लाल तर्रीचा थर पसरलेला दिसावा.

मामांनी पांढरट ग्रेव्हीत बोट बुडवलं. "कोणी बिमार हाय का घरी?"

"नाई मामाजी, पोट्ट्याईसाठी कमी तिखट..."

मामांनी एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, डाव घेऊन पातेल्याचा तळ ढवळला. मग डाव खाली ठेवला. "तंगडी कोणाले देली?"

"मामाजी, याले तंगडी नसते. बोनलेस हाय."

"पायाबिना कोंबडी? मंग ते चालत कशी होती?"

सर समजावत राहिले, मामा ऐकत राहिले, पण पटलं काही नाही. आपल्या आधी घरात दुसरा कोणी पाहुणा येऊन गेला आणि दोन्ही तंगड्या त्याला वाढल्या गेल्या, हा संशय घेऊनच ते उठले. सासूबाईंचा चेहरा तर पाहवत नव्हता. भावासमोर मान गेला ना! पायरी उतरताना म्हणाल्या, "करीच्या दिवशी येतो, जवाईबापू. पोट्ट्याईचे कपडे धुऊन ठेवजा."

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. श्रावण संपलेला असतो आणि घराघरातून रश्श्याचा वास सुटतो. त्या दिवशी जेवायला येणाऱ्या सासूला सूपचं पाकीट चालणार नव्हतं. सर रात्रभर जागे होते, असं आर्यानं मला सांगितलं.

*

मग सगळी स्टाफरूम कामाला लागली. हाडासकटच चिकन घ्यायचं, हे एकमतानं ठरलं. पेस्ट पुडीतलीच, तळलेला कांदा पाकिटातलाच, ग्रेव्ही तयारच, कारण शाळा सुटल्यावर वाटण वाटायला सरांना हात तीन नव्हते. तर्रीची अक्कल मात्र माझी, हे मी सांगणारच. तेल गरम करायचं, गॅस बंद करून त्यात तिखट टाकायचं आणि शेवटी वरून ओतायचं. पुडीला काय कळतंय तर्री कोणाची!

सर सरावासाठी एकदा डबा भरून शाळेत घेऊन आले. श्रावण चालू होता आणि आमचे हेडमास्तर पटले सर श्रावण कडक पाळतात. त्यांनी डब्याचं झाकण उचललं, नाकाजवळ नेलं आणि डोळे मिटले.

"सर, उपास!" ठवकर मॅडम ओरडल्या.

"मी कुठं खाऊन राहिलो? तपासून राहिलो!" पटले सर डोळे न उघडता म्हणाले.

घंटा झाली, पोरं वर्गात गेली, तरी तपासणी चालूच होती. शेवटी मेश्राम सरांनी झाकण मागितलं, तर म्हणाले, "तुमी डबा घेऊन जा. झाकण राहू द्या."

*

करीच्या दिवशी सासूबाई एकट्याच आल्या. हातात मोठी रिकामी बॅग. ती पाहून सम्यक माझ्या घरात पळून आला आणि कॉटखाली शिरला. संध्याकाळी त्याला बाहेर काढून मीच जेवायला घेऊन गेले. सरांनीही बोलावलं होतंच. साक्षीदार हवा असेल.

सासूबाई दुपारी जरा पडल्या होत्या, तेवढ्यात सरांनी सगळं उरकलं होतं. कात्री पिठाच्या डब्यामागे लपवली होती. ताट वाढलं. भात, वर लालभडक रस्सा आणि मधोमध तंगडी. सासूबाईंनी पहिला घास घेतला. आर्या आजीच्या तोंडाकडे पाहत होती. सरांच्या कपाळावर घाम होता. मी मनातल्या मनात बुद्धांना आणि आमच्या मारुतीला, दोघांनाही हात जोडून टाकले.

सासूबाईंनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. मग तिसऱ्यांदा. हाड चोखून ताटात ठेवलं आणि म्हणाल्या, "मसाला झकास हाय. कायच्यावर वाटला?"

सर पाण्याचा तांब्या शोधू लागले. मी भातात बोटं फिरवत बसले.

"कात्रीवर!" सम्यक म्हणाला.

सासूबाई हात न धुताच उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडल्याचा, मग पुड्या चुरचुरल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या हात धुऊन थेट आडव्या झाल्या. सर मला दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "गेले पोट्टे, मॅडम."

सकाळी बस यायच्या वेळी मी बाहेर आले. सासूबाई ओट्यावर बॅग घेऊन उभ्या होत्या आणि बॅग गच्च भरलेली होती. पण आर्या आणि सम्यक शाळेचा युनिफॉर्म घालून बाजूला उभे!

"राहू द्या इथंच," त्या सरांना म्हणाल्या. "चांगले खाऊन राहिले."

सरांनी बॅग उचलून बसमध्ये ठेवली. एवढी मोठी बॅग, पण वजनच नव्हतं. आणि आतून सारखं चुरचुर, चुरचुर वाजत होतं. संध्याकाळी सरांना स्वयंपाकाला एकही पुडी सापडली नाही.

*

धान निघाल्यावर वैशालीचं ट्रेनिंग संपलं. सासूबाईंनी लेकीचं पहिलं जेवण नाकाडोंगरीला ठेवलं आणि मलाही ओढून नेलं. अंगणात पाटा-वरवंटा धुऊन उन्हात उभा केलेला. चुलीवर कोंबडी. वर बोटभर तर्री.

वैशालीनं पहिला घास खाल्ला आणि तिचे डोळे भरून आले. सहा महिने मेसचं खाल्लेली पोर! "याले म्हणते चव," ती सरांकडे वळून म्हणाली. "पाट्यावरचा मसाला, आईचा हात. तुमी जिंदगीभर पुड्या फोडल्या तरी असं नाई येणार. शिका काई!"

"शिकून राहिलो," सर म्हणाले.

सासूबाई पातेलं घेऊन आल्या. त्यांनी सरांच्या ताटात तंगडी वाढली. मग जरा थांबून दुसरीही वाढली.

"आई, दोन्ही? मामालेही तू कधी दोन्ही नाई देल्या!"

"जवाई हाय," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी मान खाली घातली आणि खायला लागले. सम्यक तेवढ्यात आईजवळ सरकला. "मम्मी, आजीनं ना..." एवढं तो बोलला असेल नसेल, आजीनं पातेल्यातली अख्खी कलेजी उचलून त्याच्या तोंडात कोंबली.

"खा बाबू," त्या म्हणाल्या. "थंड होऊन राहिली."