मोठ्यानं बोल

माझ्या मेहुण्यानं मला फसवलं. महादूनं. कल्याणच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मीच शंभर वेळा सांगितलंय, आणि अजूनही सांगताना मूठ वळते. पण त्या हकिकतीतला एक तुकडा मी दर वेळी गाळतो. तो आजवर कोणालाही सांगितलेला नाही – बायकोला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतो. जमेल तसा सांगतो.

मी बंदरावर भाताची पोती वाहणारा हमाल. तिथून वर आलो, स्वतःची वखार घातली, आणि नेमके तेव्हाच कान गेले. हळूहळू गेले. आधी चिमण्या गेल्या, मग बायकांचे आवाज, मग अख्खा बाजार. दर मोसमात कान कोरणारा यायचा, सळईनं काहीतरी काढल्यासारखं करायचा, कोमट तेल ओतायचा आणि म्हणायचा, आता बघा शेठ. काय बघायचं?

धंदा मात्र थांबला नाही. आमच्यात भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून होतो. तिथं कान लागत नाहीत. पण बोटं धरण्याआधीचं बोलणं? कोणाला निकड आहे, कोणाचा माल भिजलाय – ते महादू ऐकायचा आणि माझ्या कानाशी ओरडून सांगायचा. बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याच घरात वाढलेला. माझ्या लेकीचं, गोदीचं लग्न ठरलं तेव्हाही, शहाडच्या बैठकीत मी व्याह्यांचे हलणारे ओठ नुसते बघत होतो आणि महादू सांगत होता, "दाजी, पोरगा गाय आहे गाय."

मग कानावर – म्हणजे महादूच्या ओरडण्यातूनच – आलं की ठाण्याला नवा डॉक्टर आलाय. कोणाला न सांगता आगगाडीनं गेलो. डॉक्टरच्या कपाळावर गोल आरसा, मधोमध भोक. खिडकीतलं ऊन त्यानं आरशावर धरून माझ्या कानात सोडलं. मग दोन पायांचा पोलादी काटा टेबलावर ठोकून माझ्या कपाळाला टेकवला – आणि तो मला ऐकू आला! डोक्याच्या आत, देवळातल्या घंटेसारखा. डॉक्टर ओरडून म्हणाला, आतली नस जिवंत आहे, वाट तेवढी बुजली आहे. पिचकारीनं कोमट पाणी मारलं. वाडग्यात पडलं काय? वर्षानुवर्षांचं तेल, मळ, आणि त्यात रुतलेली भाताची तुसं. माझा धंदाच कानात जाऊन बसला होता. खिडकीबाहेर चिमणी ओरडत होती. मी खुर्चीत बसून रडलो.

परत येताना ठरवलं होतं, पहिल्यांदा महादूला सांगायचं. वखारीत मागच्या दारानं शिरलो, तर तो एका दलालाशी हसत बोलत होता. "आमच्या दाजींना काय कळतंय? व्याही स्वतः बैठकीत म्हणाले, पोराचा हात जरा लवकर उठतो. मी यांना सांगितलं, गाय आहे. आता त्या व्याह्यांचं भात कोणाच्या हातून विकलं जातं? माझ्याच."

दलालानं विचारलं, आणि वखारीचा भाव?

"तो तुम्हाला रुमाल पडायच्या आधीच कळतो की."

मग मी त्याला दिसलो. तो उठला आणि माझ्या कानाशी ओरडला, "दाजी, जेवलात का?"

मी मान डोलावली. नरडं धरायचं सोडून मान डोलावली. का? सौदे करणारा माणूस मी. बहिऱ्यासमोर लोक उघडं बोलतात, हा माल माझ्या हाती नुकताच आला होता. तो मी असाच सोडणार होतो का? ठरवलं, याला भर बाजारात पकडायचा, मुंबईचे व्यापारी समोर असताना, माझी बोटं रुमालात असताना. ते यायला अवकाश होता. दोन महिने मी बहिरा राहिलो.

आता तो तुकडा. का अजूनही बाजूबाजूनंच फिरतोय मी?

व्यापारी यायला आठ दिवस उरले होते. गोदी माहेरपणाला आलेली, त्या सकाळी परत निघायची होती. मी ओसरीवर बसलो होतो. महादू अंगणात बैल जुंपत होता. तिला शहाडला सोडायला तोच जाणार होता. ती माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायला वाकली आणि साध्या आवाजात म्हणाली, "अण्णा, मला नका पाठवू. ते मारतात."

ऐकू आलं. अक्षर न् अक्षर ऐकू आलं. मागची बैलांची घुंगरमाळही ऐकू आली. महादू आमच्याकडे बघत होता. मी बोललो की डाव फुटला. आठ दिवसांचाच तर प्रश्न – आठ दिवसांत काय होतंय? नवरा मारतो हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. वखारीत ऐकलं नव्हतं का मी?

मी कानामागे हात धरला आणि म्हणालो, "मोठ्यानं बोल गं, ऐकू येत नाही."

तिनं मामाकडे बघितलं. समोरच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या बायकांकडे बघितलं. ते वाक्य पोरीनं मोठ्यानं कसं बोलायचं, सांगा? "काही नाही, अण्णा," ती म्हणाली. तेही ऐकू आलं. मग ती गाडीत बसली.

आठ दिवसांनी महादूला पकडला. मुंबईच्या व्यापाऱ्याला तो माझा भाव कुजबुजला, आणि मी रुमाल झटकून तो शब्दन् शब्द बाजाराला ऐकवला. लोक आ वासून बघत राहिले. कान कधी आले हो, विचारलं. मी म्हणालो, कालच. आजही बाजारात ते 'कालच'च आहे.

त्याच दिवशी शहाडला जाऊन गोदीला घेऊन आलो. डाव्या कानावर फडकं बांधलेलं, खाली पू. चार दिवसांपूर्वी मारलं होतं. ठाण्याच्या डॉक्टरनं त्याच आरशातून बघितलं. पडदा फाटलाय, म्हणाला. पू थांबेल, ऐकणं परत येणार नाही. मग हात पुसता पुसता, नेहमीच्या आवाजात, माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचे ठीक ना? दोन महिने झाले धुवून."

मी म्हणालो, हो.

गोदीचा उजवा कान शाबूत होता.

कल्याणला उतरल्यावर, चालता चालता विचारलं तिनं. "अण्णा, त्या दिवशी मी फार हळू बोलले होते का?"

आणि मी – ऐकताय ना – मी म्हणालो, "हो. फार हळू."

पुन्हा तिनं विचारलं नाही. माझ्याच घरी असते. काही सांगायचं झालं की मी तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसतो.

महादूकडून मी भर बाजारात जाब घेतला. वखारीतून काढला, दारातून काढला. अजून कोणी त्याचं नाव काढलं की मी ओरडतो, जाब दे म्हणावं त्याला. पण पोर हळू बोलली नव्हती. तिचं बोलणं ज्याला ऐकू आलं होतं, त्यानं जाब द्यायला हवा. महादू तर अंगणात होता, लांब. त्याला ते ऐकूही गेलं नसेल.